माझ्या नावावरचे तुझे आकडे

शालन,

तुझ्या रक्षाविसर्जनाला मुरगूडच्या घाटावर इतकी माणसं होती की मला उभं राहायला नीट जागा मिळाली नाही. मी नेहमीप्रमाणे पंधरा मिनिटं आधी पोचले होते. तरी माझ्या पुढे सात-आठ रांगा, आणि बहुतेक सगळे तुझे विद्यार्थी. एक जण दुधाचे कॅन गाडीला तसेच अडकवून आला होता. एक पोलिसाच्या गणवेशात होता. एक मुलगी तान्ह्या बाळाला काखेत घेऊन उन्हात उभी होती आणि सारखी डोळे पुसत होती. मी टाचा उंच करून बघत होते आणि तेव्हा मनात काय आलं ते लिहिते: माझ्या वेळी इतके येतील का? येणार नाहीत. माझे विद्यार्थी खूप शिकले आणि खूप लांब गेले, असं मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आले. त्या सकाळी मात्र तोरा वाटला नाही.

नैवेद्य ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, “बाईंचं काय बी मागं राह्यलं न्हाय बघा.” मला त्याचाही हेवा वाटला. माणसाने गेल्यावर तरी दुसऱ्याला थोडी सवलत द्यावी. तुझं काही राहिलं नसेल, शालन. माझं राहिलं आहे.

परवा ऋचाचा फोन आला. पडद्यावर आधी तिचं नाक दिसलं, लाल झालेलं. “आजी, शालनआजी खरंच गेली?” आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. चौदा वर्षांची मुलगी, कॅनडात वाढलेली, तुझ्या-माझ्या सहवासात एकूण मोजून तीन सुट्ट्या घालवलेली. मी तिला शांत करत होते आणि आतून मोजमाप चाललं होतं, की माझ्यासाठी ही अशी रडेल का. मागून अर्णव म्हणाला, “आजी, तू तिच्यावर लिही. आई आम्हाला वाचून दाखवेल. आणि ते चाचणीचं पण लिही, तुम्ही दोघींनी केलेली. त्यात तुझे आकडे सगळ्यांत बरोबर आले होते ना, ते.”

म्हणून लिहायला बसले. मुलांना वाचून दाखवलं जाईल, पण लिहिते तुला. मुलांना लिहायला घेतलं तर माझ्या हातून पुन्हा ती जुनी गोष्टच उतरेल. तुझ्यासमोर ते जमत नाही. मी काही वाढवून बोलले की तू नुसती डावी भुवई उचलायचीस.

ऋचा-अर्णवला समजावं म्हणून थोडं मागून सांगते. तेरा वर्षांपूर्वी राज्यभरातल्या आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाची एकच चाचणी तयार व्हायची होती. आपल्या जिल्ह्यातून जे शिक्षक निवडले त्यात तू होतीस, मुरगूडच्या शाळेची, आणि मी, इथल्या, कोल्हापुरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळेची. पहिल्या दिवशी मी चार धारदार पेन्सिली, पट्टी आणि रंगीत कागदाने विभाग पाडलेली फाईल घेऊन गेले. तू एका पिशवीतून वही काढलीस, तिच्याबरोबर दोन भुईमुगाच्या शेंगा बाहेर पडल्या, त्या तू तिथेच फोडून खाल्ल्यास. मी मनात म्हटलं, निवड कोणी केली हिची.

दुपारपर्यंत कळलं, कोणी केली आणि का केली. आपण एकमेकींचे प्रश्न तपासत होतो. उष्णतेच्या वहनावर माझा प्रश्न होता, भाषा स्वच्छ, चारही पर्याय एका मापाचे. तू तो वाचलास आणि म्हणालीस, “मॅडम, प्रश्न लई देखणा हाय. पण ह्यातले तीन पर्याय कुठलंच पोर निवडणार न्हाय की. चौथा तर नुसता हात वर करून बसलाय, मी हाय, मी हाय करत.”

सगळे हसले. मी पण हसले. घरी जाऊन मी तो प्रश्न पुन्हा वाचला आणि मला तो हात वर केलेला चौथा पर्याय दिसायला लागला. आजही दिसतो.

तुझा प्रश्न होता गोठ्याचा. सकाळी गोठ्यातल्या लोखंडी साखळीला हात लावला तर गार लागते, लाकडी खुंटा तेवढा गार लागत नाही. दोन्ही रात्रभर तिथेच होते. तर तापमान कोणाचं कमी? आणि खाली पर्याय काय होते, तर मुलं खरंच जे बोलतात ते. ‘लोखंड मुळात गार असतं.’ ‘लाकूड ऊब धरून ठेवतं.’ मी तीस वर्षं बरोबर उत्तरं गोळा केली. तू तीस वर्षं चुकीची उत्तरं गोळा केलीस, जपून, कौतुकाने, एखादीने साडीच्या पेटीत जरीची वस्त्रं ठेवावीत तशी. चाचणीला तीच लागतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे प्रश्न मुलांकडून सोडवून घेऊन पाहिले गेले. मग त्याहून अवघड काम आलं. चाचणीत किती गुण मिळाले म्हणजे मूल ‘शिकलं’ म्हणायचं, ती रेघ ठरवायची. पस्तीस टक्के म्हणजे पास, असं डोळे मिटून चालणार नव्हतं. पुण्याहून साहेब आले होते. त्यांनी आणलेली मार्गदर्शिका इंग्रजीत होती आणि ती सगळ्यांना मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलं. मी उभी राहिले. कानामागे केस सारले. म्हणाले, “आपण प्रत्येकाने आपल्या डोळ्यांसमोर किमान क्षमता जेमतेम प्राप्त झालेला विद्यार्थी आणायचा आहे. असे शंभर विद्यार्थी असले, तर त्यांतले किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील, तो आकडा लिहायचा. कोणाशी न बोलता.”

मागून तुझा आवाज आला, “म्हंजे काठावरचं पोर की.”

झालं. त्यानंतर तीन दिवस साहेबांसकट सगळे ‘काठावरचं पोर’ म्हणत होते. माझे ते सहा शब्द कुणी उच्चारले नाहीत.

मुलांनो, गुपित इथे आहे, ते नीट ऐका. हे काम करताना डोळ्यांसमोर जे मूल येतं त्यावर सगळं ठरतं. माझ्यासमोर जे मूल यायचं त्याच्या वेण्या घट्ट घातलेल्या असायच्या, पुस्तकाला कव्हर असायचं, धडा वाचलेला असायचा. ते मूल म्हणजे मी होते, किंवा तुमची आई. त्यामुळे माझे आकडे नेहमी वर जायचे. गुऱ्हाळात काहिलीतला, त्या मोठ्या कढईतला, उसाचा रस उकळून कमी होतो, तर त्यातलं पाणी कुठे जातं, या प्रश्नाला मी ऐंशी लिहिले. शालनने पस्तीस लिहिले. नमुन्यादाखल काही प्रश्नांना मुलांनी प्रत्यक्षात दिलेली उत्तरं दुसऱ्या दिवशी दाखवली, तर शालनचा आकडा जवळजवळ नेमका होता. “जळून जातं म्हणत्यात हो मॅडम,” शालन, तू मला समजावलंस, “भट्टीच्या शेजारी वाढलेली पोरं, त्यास्नी वाफ म्हंजे धूरच वाटतो.”

तू काठावरचं मूल कल्पनेतून आणलं नव्हतंस. नोकरीच्या सुरुवातीला शाहूवाडीकडे एका वाडीवरच्या शाळेत होतीस, तिथली सुरेखा नावाची मुलगी तू बरोबर घेऊन आली होतीस. प्रत्येक प्रश्नाला तुझे ओठ हलायचे. एकदा मी वाकून ऐकलं. “सुरेखा, ह्ये येतंय का गं तुला?” असं विचारून तू थांबायचीस, मान तिरपी करायचीस, आणि मग आकडा लिहायचीस. मला माझं मूल काही सांगत नव्हतं. ते फक्त हुशार दिसत होतं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, शालन, आकडे पुन्हा लिहायची दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी तुझ्या कागदात बघितलं.

पहिल्यांदा नजर चुकून गेली. दुसऱ्यांदा चुकून गेली नाही. तू माझ्या डाव्या हाताला होतीस, तुझं अक्षर मोठं, आकडे तर आठवड्याच्या बाजारातल्या पाटीवर खडूने लिहावेत तसे. मी तोवर स्वतःला समजावत होते की खात्री करून घेतेय. पाचव्या-सहाव्या प्रश्नानंतर समजावणंही सोडून दिलं. ज्या बाईने जन्मभर परीक्षेच्या वर्गात ‘समोर बघा, समोर’ म्हणत येरझाऱ्या घातल्या, ती परीक्षेची रेघ ठरवण्याच्या कामात शेजारणीचं बघून लिहीत होती. मला भीती नव्हती वाटत. राग येत होता. हे माझ्याकडे असायला हवं होतं, असा राग. मी जास्त वाचलं होतं, मी जास्त तयारी केली होती, आणि आतला आवाज मात्र तुला मिळाला होता.

मग चहा आला. चहाच्या गडबडीत तू दोन ओळींत आकडे उलटसुलट केलेस. झाडाची मुळं पाणी शोषून घेतात, हा अगदी सोपा प्रश्न. त्याच्यापुढे तू वीस लिहिलेस. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, हा अवघड. त्याच्यापुढे नव्वद. चूक होती, ओळ चुकली होती. आणि मी, डोकं बाजूला ठेवून, वीस आणि नव्वद तसेच उतरवले.

शिक्षकाला कॉपी कशी पकडायची हे माहीत असतं. दोघांची बरोबर उत्तरं जुळली तर काही सिद्ध होत नाही. दोघांची एकच विचित्र चूक जुळली की संपलं. साहेबही पूर्वी शिक्षकच होते. संध्याकाळी त्यांनी आपल्या दोघींना बाजूच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी.

“मुळं पाणी शोषतात हे शंभरातल्या वीस जणांना येईल,” ते म्हणाले, “आणि बुडबुड्यांत वाफ असते हे नव्वद जणांना. दोन्ही कागदांवर. बाकीचेही सगळे सारखे.” आणि त्यांनी तुझ्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही. “ताई, अंदाज स्वतंत्र लिहायचे असं मॅडमनी इतकं छान समजावून सांगितलं होतं.”

मला वाटलं, आता तू बोलशील. मी वाट बघत होते. तू माझ्याकडे वळून बघितलंस, फार वेळ नाही, वर्गात मुलाला प्रश्न विचारून उत्तराला वेळ द्यावा तेवढाच. मग म्हणालीस, “आकडं सारखं हायत खरं, साहेब. तुम्हाला काय करायचं ते करा.”

तुझा कागद बाद झाला. माझा ठेवला, तेवढ्या दोन ओळी माझ्याकडून सुधारून घेऊन. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या बाजूने राज्याच्या त्या रेघेत जे काही गेलं, ते तुझं आणि सुरेखाचं गेलं, माझ्या सहीने. पहिल्या फेरीपेक्षा माझ्या अंदाजात किती सुधारणा झाली, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तू तेव्हा शेवटच्या रांगेत चप्पल शोधत होतीस.

पुढची तीन वर्षं मला पुण्याच्या समितीवर बोलावणं आलं. तुला नाही. तिथे डाव्या हाताला तू नव्हतीस, म्हणून मी तुझी सुरेखा चोरून नेली. खरंच. डोळे मिटून मी तिला बोलवायची, परकर-पोलक्यातली, तू सांगितली होतीस तशी. “सुरेखा, हे येतंय का तुला?” ती माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. परक्या बाईंसमोर मुलं गप्प राहतात तशी. माझे आकडे पुन्हा वर गेले. तिथे कुणाला फरक पडला नाही, कारण मी इंग्रजी अहवाल चांगला लिहायची.

तू मात्र त्या कार्यशाळेनंतर महिन्याभरात माझ्या दारात हजर. “काय बाई, जिवंत हायसा न्हवं?” पिशवीत ओला हरभरा. मी चहा ठेवला. तू चाचणीचं नाव काढलं नाहीस. शनिवारी दुपारी यायचं, हा तुझा नेम झाला. मला वाटायचं, ही बघायला येते, मी कधी मोडते ते. नंतर वाटायचं, हिला कळलंच नसेल, हिला वाटत असेल साहेबांचाच काही गोंधळ झाला. ते मला सोयीचं होतं. ते धरून मी कितीतरी वर्षं काढली.

भांडायचो मात्र मनापासून. तुझं म्हणणं, मूल जिथे आहे तिथून मोजायचं. माझं म्हणणं, त्याला काय यायला हवं ते आधी ठरवायचं, नाहीतर रेघ खाली खाली येत राहील आणि एक दिवस जमिनीला टेकेल. “टेकू दे की,” तू म्हणायचीस, “तितं तरी पोरं भेटतील. नसलेल्या पोराला पास करून काय मिळवलासा?” मी म्हणायची, “आणि असलेल्याला आहे तिथेच ठेवून तू काय मिळवलंस?” यावर एकदा तू खरंच गप्प बसलीस. अर्धा कप चहा संपेपर्यंत. मला इतका आनंद झाला की मी तुला आणखी एक लाडू वाढला. हा वाद मिटला नाही, आणि मला अजून वाटतं की यात निम्मं तरी माझं बरोबर होतं. हे आता ऐकून घ्यायला तू नाहीस, हेही मला सोसत नाही.

आता मुलांची गोष्ट. ऋचा, तू दहाची होतीस, अर्णव सातचा. मी महिनाभर आधीपासून तुमच्या सुट्टीचा तक्ता केला होता. सकाळी वाचन, मग रंकाळा तलावावर फेरी, मग मराठी अक्षरं. तिसऱ्या दिवशी शालन आली आणि तक्ता संपला. तिने माझं स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट जमिनीवर ठेवले. “सांगा बघू, कुठलं गार हाय?” तुम्ही हात लावून ओरडलात, ताट! “मग बर्फ कशावर आधी वितळंल?” अर्णव म्हणाला, पोळपाटावर, कारण ते गरम आहे. शालन म्हणाली, “मला न्हाय माहीत. लावून बघू.” दोन बर्फाचे खडे ठेवले. आणि गार लागणाऱ्या ताटातला खडा बघता बघता पाणी झाला, पोळपाटावरचा तसाच. अर्णवचं तोंड उघडं ते मिटेना. दिवसभर तो घरातल्या सगळ्या वस्तूंवर बर्फ ठेवत फिरत होता. देव्हाऱ्यातल्या घंटेवर सुद्धा.

दोन दिवसांत, शालन, ऋचा तुझ्यासारखं ‘मी आलो, मी जेवलो’ बोलायला लागली. मी सुधारत होते, ती ऐकत नव्हती. मुलं दुपारी दाराशी जाऊन बसायची, शालनआजी किती वाजता येणार म्हणून विचारत. माझ्याच घरात, माझ्याच नातवंडांना ओढ तुझी.

मग मी काय केलं? एका सकाळी तू यायच्या आधी मी मुलांना बोलावलं, दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात मीठ घातलं आणि अगदी तुझ्यासारखी मान तिरपी करून म्हटलं, “मला माहीत नाही हं. तुम्हीच सांगा.”

अर्णव म्हणाला, “आजी, तुला माहीत आहे. तू फक्त शालनआजीसारखं करतेयस.”

तू नेमकी तेव्हा दारात उभी होतीस. इतकी हसलीस की तुला उंबऱ्यावर बसावं लागलं. मी स्वयंपाकघरात गेले. तू मागून आलीस, पदराने डोळे पुसत, आणि हळूच म्हणालीस, “परत माझ्या कागदात बघितलासा व्हय?”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

“तुला माहीत होतं?”

“बुडबुड्याच्या ओळीत मी चुकलो. तुम्ही बी तितंच चुकलासा. एवढं कळायला साहेब व्हायला लागतंय?”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलशीला म्हणून थांबलो हुतो.”

“आणि नंतर? इतकी वर्षं?”

“थांबलोय की अजून,” तू म्हणालीस. रागाने नाही. बस उशिरा येणार आहे असं कळल्यावर माणूस फलाटावर जसा नीट बसतो, तशी तू ओट्याला टेकून उभी राहिलीस.

तेव्हा मी बोलू शकले असते. बाहेर मुलं होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, “पोळ्या गार होतायत, मुलांना हाक मार.” आणि तू मारलीस.

त्या क्षणी मला तुझा जितका हेवा वाटला तितका तुझ्या आकड्यांचाही वाटला नव्हता. तुला लाज नव्हती, भीती नव्हती, ओझं नव्हतं. ते सगळं माझ्याकडे होतं. तू नुसती वाट बघत होतीस, आणि तेही तुला सहज जमत होतं. त्याच वर्षी अर्णवने शाळेत माझ्यावर निबंध लिहिला, की माझ्या आजीने एका अख्ख्या राज्याच्या विज्ञानाची रेघ आखली. तो मी चौकटीत लावला. तू शनिवारी येऊन तो वाचलास. इंग्रजीत होता, बोट ठेवत ठेवत वाचलास, आणि म्हणालीस, “ब्येस लिहिलंय पोरानं.”

दवाखान्यात मी शेवटची आले ती बोलायचं असं ठरवून आले होते. वाक्य तयार होतं. पण तुझ्या खाटेभोवती चार विद्यार्थिनी. एक पाय चेपत होती, एक मोसंबी सोलत होती. मला खुर्ची द्यायला एक उठली, आणि मला वाटलं, यांच्यासमोर? या मुलींसमोर मी लहान होऊ? तू डोळे उघडून म्हणालीस, “नलूबाई आल्या.” मी तुला मेथीच्या लाडवाची कृती सांगितली. बारकाईने, मापांसकट. मग घरी आले.

परवा ऋचाचा फोन झाल्यावर मी जुनी पत्त्यांची वही काढली. साहेब निवृत्त होऊन पुण्यात असतात. काल सकाळी अकरा वाजता नंबर लावला.

“साहेब, मी कोल्हापूरहून—”

“अहो मॅडम! आवाजावरूनच ओळखलं. तुमचे ते आकडे! अहो, पुढे प्रत्येक कार्यशाळेत मी सांगायचो, कोल्हापूरच्या एक बाई होत्या, काय अंदाज होता त्यांचा.”

“माझ्या शेजारी आणखी एक बाई होत्या. मुरगूडच्या.”

“असतील. मला नाही बुवा आठवत.”

“तुम्ही त्यांचा कागद बाद केला होता.”

“मी?” ते थोडा वेळ आठवत राहिले. “नाही हो. तेव्हा इतके लोक यायचे.”

मी खुर्ची ओढून बसले. ज्या खोलीतून तू मान ताठ ठेवून बाहेर पडलीस ती खोली माझ्याकडे अजून जशीच्या तशी आहे, टेबलावरच्या पेपरवेटसकट. त्यांच्याकडे ती नव्हती. तुझ्यावर संशय घेतला होता हेसुद्धा त्यांनी तुझ्या नावाने ठेवलं नव्हतं. मत्सरी माणसाला हवं असतं ते हेच, की समोरचा पुसलाच जावा. तसं झालं होतं, आणि मला ते अजिबात सहन होईना.

“साहेब, ते आकडे त्यांचे होते,” मी म्हटलं. “मी त्यांचं बघून लिहिले. त्यांनी माझं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प राहिले.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली.

“मॅडम, आता कशाला हे? ती चाचणीसुद्धा राहिली नाही.”

“कागद-पेन आहे जवळ?”

“आहे, पण—”

“नाव लिहून घ्या.”

मी तुझं नाव सांगितलं. मधलं नाव, आडनाव, गाव. शब्द तोडून, श्रुतलेखन घालावं तसं. “वाचून दाखवा,” म्हटलं. त्यांनी मुकाट्याने वाचलं. गाव राहिलं होतं, ते घालायला लावलं आणि परत वाचायला लावलं.

मग ते फार सरळपणे म्हणाले, “त्यांचा नंबर द्या मॅडम. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी.”

मला सांगावं लागलं, शालन.

ऋचा, अर्णव, चौकटीतला निबंध मी काढून कपाटात ठेवला आहे. नवा लिहायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शालनआजीच्या आकड्यांबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि शालन, एवढं केलं म्हणून मी सुधारले असं समजू नकोस. फोन ठेवल्यावर माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं, सांगू? तुझं नाव त्यांना लिहून घ्यावं लागलं. मला त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. आणि मला बरं वाटलं.